पहिला उद्गार नको असेल तर

पत्र पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय एकसष्ट, घराणं तीन पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती. दीड वर्षापूर्वी त्यांची एकुलती एक लेक गेली. कोल्हापूरचं लग्न आटोपून लेक, जावई आणि चार वर्षांची नात शनिवारी रात्री गाडीने पुण्याला निघाले होते. साताऱ्यात नातेवाइकांकडे मुक्काम करता आला असता. जावई म्हणाला, ‘जातो की पोचून.’ खंबाटकीचा बोगदा सुटल्यावरच्या उतारावर, रात्री अडीचच्या सुमाराला, त्याचा डोळा लागला. त्याला आणि नातीला किरकोळ लागलं.

आता त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला संघाने लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत एक भाषांतरित ख्रिस्ती कादंबरी वाचायला घेतली. तीत दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्या एकाने एका माणसाची मुलगी चिरडलेली असते. शेवटी बाप तुरुंगात जाऊन त्याला मिठी मारतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा गायनमंडळात उभा राहतो. वाचन संपलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा या बाईंकडे वळल्या. गुड फ्रायडेच्या उपासनेतला पहिला उद्गारही त्यांनाच दिला गेला आहे: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’

त्या लिहितात, ‘कादंबरीतला माणूस परका होता. माझा माणूस दर शनिवारी नातीला सोडायला येतो, चहा घेतो, कप विसळून पालथा घालतो आणि जातो. दीड वर्षात एकदाही “चुकलो” म्हणाला नाही. मी त्याला क्षमा करू शकत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? उद्गाराला नाही म्हणायचं तर काय सांगून? लेकीच्या मोबाइलचं रिचार्ज मी अजून करते, भाऊ म्हणतो आता बंद कर. करू का?’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘ता. क. त्या शनिवारी संध्याकाळी मीच लेकीला फोन केला होता. रविवारी सकाळी नातीचं संडे स्कूलचं गाणं होतं. म्हटलं, वेळेवर या.’

ताई, सलाम.

आधी घाईचं काम उरकू. पहिला उद्गार घेऊ नका. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) फोन करा आणि म्हणा, ‘यंदा हा उद्गार माझ्याच्याने होणार नाही, दुसऱ्या कुणाला द्या.’ कारण विचारलं तर हेच वाक्य पुन्हा म्हणा. कारण सांगायला गेलात की समोरचा त्या कारणाची समजूत घालायला बसतो, आणि आपल्या मंडळींत समजूत घालणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गुड फ्रायडेला साधारण बारा ते तीन अशी लांब उपासना असते. येशूने वधस्तंभावरून उच्चारलेली सात वाक्यं, म्हणजेच सात उद्गार, चार शुभवर्तमानांतून (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतून) गोळा केलेली आहेत. बऱ्याच मंडळ्यांमध्ये एकेका वाक्यावर एकेक जण बोलतो. कुणाला कुठलं वाक्य द्यायचं हे आधी ठरतं, आणि ते ठरवताना कधीकधी माणसापेक्षा प्रसंग कसा रंगेल याचा विचार जास्त होतो. तुमच्या बाबतीत तसंच झालंय असं मला वाटतं. वाईट हेतूने नव्हे, पण झालंय.

तुम्हाला मुळात बोलावंसंच वाटत असेल तर चौथा उद्गार मागून घ्या. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे प्राण जात असताना येशूच्या ओठांवर जी प्रार्थना आली तीही तक्रारीचीच होती. तिच्यावर बोलायला आधी कुणाशी समेट झालेला असावा लागत नाही. तिसरा उद्गार मात्र कुणी गळ्यात मारला तरी घेऊ नका. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आता कादंबरी. तुम्ही लिहिलंय की ती तुम्ही एका रात्रीत वाचली, रडलात, आणि सकाळी तिचा राग आला. रडलात ते मिठीच्या पानावर नाही. मुलगी गेल्यावरही बाप दर शनिवारी तिच्या सायकलच्या साखळीला तेल घालतो, त्या पानावर. ज्याने ते पान लिहिलं त्याला दुःख ठाऊक आहे, एवढं श्रेय त्याला देऊ या. पण ख्रिस्ती कादंबरीच्या खांद्यावर बहुतेक वेळा एक जबाबदारी असते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विधवांची दैना दाखवावी आणि त्यातून वाट सुचवावी हे काम डोक्यात ठेवूनच ती लिहिलेली आहे. अशा पुस्तकात दुःख हे कुठेतरी पोचण्यासाठी असतं. पानं संपत आली की क्षमा यावीच लागते, नाहीतर पुस्तक अपुरं राहिलं असं लेखकाला वाटतं. महिला संघाने शेवट वाचला आणि तुम्ही मधलं प्रकरण वाचलंत. माझ्या मते तुमचं वाचन जास्त बारकाईचं आहे.

सगळ्याच कादंबऱ्या अशा घाईच्या नसतात. ॲलन पेटन यांची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ (१९४८) मी कॉलेजात वाचली आणि नंतर पुन्हा पुन्हा. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गरीब खेड्यातल्या काळ्या पाळकाच्या मुलाच्या हातून शहरात एका गोऱ्या माणसाचा खून होतो. मेलेल्याचा बाप त्याच खेड्याच्या वरच्या डोंगरावरचा शेतकरी. दोन्ही बाप एकमेकांसमोर येतात तेव्हा पाळकाला बोलता येत नाही, पाय लटपटतात. क्षमेचं भाषण कुणी करत नाही. पुढे शेतकऱ्याचा लहानगा नातू पाळकाच्या घरी येतो आणि दूध मागतो. दुष्काळ आहे, घरात दूध नसतं. मग डोंगरावरून गावातल्या मुलांसाठी दूध यायला लागतं. बस. तिला क्षमा म्हणायचं की आणखी काही, ते वाचकाने ठरवावं. तुमच्या पत्रातला तो विसळलेला, पालथा घातलेला कप वाचताना मला ते दूध आठवलं. तुमच्या घरात काहीच घडत नाहीये असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. दीड वर्ष दर शनिवारी तो येतोय आणि तुम्ही चहा टाकताय.

पण तेवढ्याने भागत नाही, हे मलाही कळतं.

विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंत. बायबलमध्ये येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या दोघी बहिणी, आधी मार्था आणि मग मरिया, येशूला भेटल्या आणि दोघींनी एकच वाक्य ऐकवलं: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. ‘असता तर.’ तुमच्या पत्रात हे मी पाच ठिकाणी मोजलं. साताऱ्यात थांबला असता तर. चहाला उतरला असता तर. मार्था-मरियेचा विश्वास कमी होता असं कुठल्या पाळकाने म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांची तक्रार खोडून काढली गेली नाही, उलट मरियेचं रडणं पाहून येशू स्वतः रडला. योहानाचा अकरावा अध्याय तुम्हाला तोंडपाठ असेल, संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला असेल. या वेळी वाचताना फक्त एवढं बघा की दोघी जे बोलल्या ते ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच्या तोंडावर बोलल्या. शेजारणीजवळ नाही, प्रार्थनेच्या वहीत नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या माणसाच्या, मित्रांचंही तसंच. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते. नंतर बोलायला लागले आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. हे मी स्वतःलाच सांगते आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी नाना पेठेतल्या एका घरी मुलगा गेला होता. मी आईचा हात धरून म्हटलं, ‘देवाची इच्छा.’ ती उठली, चहा ठेवते म्हणाली, आणि मी निघेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ते वाक्य मी त्यानंतर कुणाला ऐकवलेलं नाही.

आपण दर रविवारी म्हणतो: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मराठी प्रभूच्या प्रार्थनेत शब्द ऋण आहे, अपराध नाही. लहानपणी नगरला आजीच्या शेजारी उभी राहून म्हणताना मला वाटायचं, हे वाण्याच्या उधारीचं चाललंय. आता वाटतं, ते फार चुकीचं नव्हतं. उधारी सोडायची तर आधी ती किती आहे ते वहीत मांडलेलं लागतं, आणि ज्याच्याकडे आहे त्यालाही आकडा ठाऊक लागतो. न मांडलेलं ऋण सोडता येत नाही, फार तर त्याच्याबद्दल बोलणं टाळता येतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर आधी त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. दटावणं आधी येतं. ‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा कर हे सगळ्यांना पाठ असतं, हे मात्र कुणी साक्षीत सांगत नाही.

तुमच्या घरात आकडा कधी मांडला गेलाय? पत्रावरून तरी नाही. अपघाताच्या रात्रीबद्दल तुम्ही दोघं एकदाही बोललेला नाहीत. जे कळलं ते तुम्हाला पोलिसांकडून आणि साताऱ्याच्या नातेवाइकांकडून. तो ‘चुकलो’ म्हणाला नाही हे खरं, पण तुम्हीही त्याला ‘तू थांबला का नाहीस’ असं विचारलेलं नाही. त्याची बाजू घेण्यासाठी मी हे म्हणत नाही. झोप येत असताना गाडी हाकणं ही चूकच, आणि पहाटेच्या आधीचे ते दोन-तीन तास सर्वांत धोक्याचे असतात हे रोज हायवेवर जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही एकच लावलाय, की त्याला काही वाटत नाही.

इथे मला तुमच्या ताजा कलमाकडे यावं लागतंय. माफ करा. पण जे मूळ पत्रात मावत नाही ते माणूस ता. क. लिहून खाली टाकतो, हे इतकी वर्षं पत्रं वाचून मला कळलंय.

तुम्ही फोन केला होता. नात गाणार होती, आजीने म्हटलं वेळेवर या. हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक आजीने कधी ना कधी म्हटलेलं आहे. त्या वाक्याने गाडी चालवली नाही. पण हे मी सांगून तुम्हाला पटणार नाही, कारण रात्री अडीचला जाग येते तेव्हा तुम्ही त्याच्यावर जो खटला चालवता त्यात दुसरा आरोपीही उभा असतो, आणि त्याचं नाव तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. जावयाला क्षमा केली तर मग उरलेला आरोपी कोण, ही भीती असू शकते. आणि अशीही एक शक्यता आहे, फक्त शक्यता, की फोन झाला तेव्हा तो शेजारीच होता. त्याला माहीत आहे तो का निघाला. ‘तुम्ही बोलावलंत म्हणून निघालो’ हे त्याने दीड वर्षात एकदाही म्हटलेलं नाही. ‘चुकलो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘मग निघालास का’ हा येणार. कदाचित तो तिथेच थांबत असेल. किंवा नसेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून विचारा. शनिवारी नाही, नात घरात असते. तिच्या आईच्या वाढदिवसाला नाही, वर्षदिनाला नाही. घरातही नको, कारण घरात चहा असतो आणि चहा हे तुम्हा दोघांचं लपण्याचं ठिकाण झालंय. एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा बंडगार्डनला सकाळी एखाद्या बाकावर बसा, एकमेकांकडे न बघता समोर बघत बोलता येईल असं. आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवा की त्या रात्रीबद्दल बोलायचं आहे, म्हणजे तो गाफील सापडणार नाही. जाण्याआधी कागदावर लिहा. तुम्ही बाई आहात शाळेतल्या, लिहिलेलं वाचून दाखवायला लाजू नका. तुम्हाला काय वाटतं ते, काय विचारायचं ते, आणि फोनचं. शेवटचं लिहिणं जड जाईल. ते आधी लिहा.

आणि ‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य त्या कागदावर नको. समोरच्याने मागितलं नसताना दिलेली क्षमा बऱ्याचदा आरोपासारखी लागते. तो नीट बोलेल याची मी हमी देत नाही. उठून जाईल, चिडेल, नुसता रडेल. तरी तुमचं बोलून झालेलं असेल.

पहिल्या उद्गाराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे येशू सैनिकांना ‘मी तुम्हाला क्षमा करतो’ असं म्हणत नाही. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ असं म्हणतो. धर्मशास्त्राचे पंडित यावर काय म्हणतील ते म्हणोत, मला त्या व्याकरणाचा आधार वाटतो. हातपाय खिळलेले असताना ते काम त्याने वर सोपवलं. तुम्हालाही सध्या एवढंच म्हणता येईल: मला जमत नाहीये, तू बघ. तेही खोटं वाटलं तर तेही म्हणू नका.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांच्या घरच्या अपघाताची केस कोर्टात आहे त्यांना नातेवाईक म्हणतात, ‘माफ केलं ना, मग केस मागे घ्या.’ हलगर्जीपणाने मृत्यू घडवणं (भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचं ३०४ अ) हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. खटला सरकार चालवतं. मनात क्षमा केली तरी साक्ष द्यावी लागू शकते, आणि ती खरी द्यावी. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा चालतो आणि ती रक्कम बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. ती मागितली म्हणजे मनात सूड आहे असं नाही. या गोष्टी चर्चच्या ओट्यावर ठरवू नका, वकिलाला विचारा.

आणि ताई, ती अडीचची जाग. दीड वर्ष रोज येत असेल तर नुसत्या प्रार्थनेवर सोपवू नका. दुःख वर्षभर उलटूनही रोजचं जगणं अडवत असेल तर त्यावर उपचार असतात, हे आता मानसोपचाराची पुस्तकंही मानतात. समुपदेशक गाठा. लगेच कुणी सापडत नसेल तर १४४१६ हा सरकारी ‘टेली मानस’चा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचलाही लागतो. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे पाळकसाहेबांवर अविश्वास नव्हे. दात दुखल्यावर आपण त्यांच्याकडे जात नाही.

तिसरा उद्गार. वधस्तंभाखाली उभ्या आईला येशू म्हणतो, बाई, हा तुझा मुलगा, आणि शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. तेव्हापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं असं योहान लिहितो. लेक गमावलेल्या आईला, जावई समोर बाकावर बसलेला असताना, यावर बोलायला लावणं हा क्रूरपणा होईल. कुणीतरी ते सुचवेलच, प्रसंग फार सुंदर जुळतो ना. नाही म्हणा. ते वाक्य तुम्हा दोघांचं व्हायचं असेल तर माइकवरून होणार नाही.

राहता राहिलं रिचार्ज. भाऊ म्हणतो बंद कर. कादंबरीतला बाप सायकलला तेल घालायचा तेव्हा त्याला कुणी बंद कर म्हटलं होतं का, ते मला आठवण करून कळवा. तुमच्या लेकीचा नंबर तुमच्या पैशाने चालतो, त्यावर कुणाचं काही अडत नाही. कंपन्या दर वाढवत राहतील, तेवढं सोसा. एक फक्त करा. तो फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावा, आणि बागेतल्या बाकावर जायच्या आधी त्यातला त्या शनिवारचा कॉल किती मिनिटांचा होता ते बघा. तुम्ही पत्रात लिहिलंय, खूप वेळ बोलले, ती कंटाळली असेल. मला वाटतं तो मिनिटभराचाही नसेल.